पावरीचा दम

मार्गशीर्ष लागला की दिंडोरी, वणीच्या पुढे सुरगाणा-कळवण भागातली रात्र जागी होते. डोंगऱ्या देवाचं व्रत धरलेली माणसं मोकळ्या जागेत फेर धरतात आणि फेराच्या मधोमध एक माणूस गाल फुगवून उभा असतो. त्याच्या हातात पावरी. मी पहिल्यांदा ऐकली ती अंधारात, लांबून. दोघं जण आळीपाळीने वाजवत असावेत असं वाटलं, कारण सूर कुठे तुटतच नव्हता. जवळ गेलो तर माणूस एकटाच होता आणि दम घ्यायला तो एकदाही थांबला नव्हता.

पावरी हे कोकणा समाजाचं वाद्य. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम घाटकडेला आणि सीमेपलीकडे डांगमध्ये ती वाजते. वाळवून पोखरलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, टोकाला शिंगाचा कर्णा आणि शोभेला मोराची पिसं. सांधे मधमाशीच्या मेणाने बंद केलेले. या रात्रींत मेणाशिवाय काही चालत नाही: कथा सांगणाऱ्याच्या काशाच्या थाळीवर काडी उभी करायची तीही मेणानेच, मग त्या काडीवरून बोटं ओढली की थाळी गुणगुणू लागते. पालघरच्या वारल्यांचा तारपा हा पावरीचा सख्खा भाऊ. त्याचा कर्णा ताडाच्या पानांचा. वारली चित्रांत नाचणाऱ्यांचं जे वेटोळं असतं, त्याच्या मध्यावर उभा असतो तो तारपावालाच.

आता या वाद्याची खरी अडचण सांगतो. नळीच्या तोंडाशी बांबूचीच पातळ जीभ कापलेली असते. सूर तिच्या थरथरण्यातून निघतो. सनईत पत्ती वादकाच्या ओठांत असते, त्यामुळे ओठ आवळून, जिभेचा टोला देऊन तो सुराला वळवू शकतो, तोडू शकतो. पावरीत जीभ भोपळ्याच्या पोटात दडलेली. वादकाच्या ओठांना ती लागतच नाही. वारा आत सोडायचा आणि उरलेलं सगळं बोटांनी करायचं. वारा क्षणभर कमी पडला तर सूर आधी खाली घसरतो, मग मरतो, आणि फेर धरलेल्यांची पावलं अडखळतात.

म्हणून पावरी शिकणं म्हणजे आधी श्वास शिकणं. गालात हवा साठवायची. फुप्फुसातली संपत आली की गाल आवळून ती साठवलेली हवा भोपळ्यात ढकलायची आणि त्याच वेळी नाकाने नवी आत ओढायची. सांगायला दोन वाक्यं लागतात. पाण्याच्या पेल्यात नळी बुडवून बुडबुडे न थांबवता फुंकत राहायचा सराव मी घरी करून पाहिला. पहिले कितीतरी दिवस नाकाने श्वास घेतला की बुडबुडे थांबत. गाल आणि छाती ही दोन वेगळी माणसं असल्यासारखी वागवावी लागतात, हे समजायला मला वेळ लागला. ते जमलं की मग बोटांचा विचार, आणि बोटं चालू लागली की पावलांचा, कारण पावरीवाला एका जागी बसून वाजवत नाही.

याच अडचणीवर जगाच्या दुसऱ्या टोकाला लोकांनी वेगळा तोडगा काढला. आयर्लंडमध्ये इलन पाइप्स नावाचं वाद्य आहे. 'इलन' म्हणजे आयरिश भाषेत कोपर. एका कोपराखाली भाता, दुसऱ्या कोपराखाली चामड्याची पिशवी. तोंडाने फुंकायचंच नाही. भाता पिशवी भरतो आणि कोपर ती दाबून वाऱ्याचा दाब कायम राखतं. आपला भोपळा टणक, तो दाबता येत नाही. म्हणून पावरीत पिशवीचं काम गालांना करावं लागतं.

वाऱ्याची चिंता मिटल्यावर आयरिश माणसाने वाद्यावर ओझं मात्र वाढवत नेलं. चाल वाजवायला एक नळी, अखंड षड्जासारखा सूर धरणाऱ्या तीन नळ्या, आणि मांडीवर आडव्या ठेवलेल्या आणखी तीन, ज्यांना रेग्युलेटर म्हणतात. या शेवटच्या तिन्ही एरवी मुक्या असतात. त्यांच्यावरच्या पितळी चाव्या दाबल्या की बोलतात. आणि त्या दाबायच्या कशाने? दोन्ही हातांची बोटं चालीत गुंतलेली असतात, तेव्हा मनगटाच्या कडेने आणि तळहाताच्या टाचेने. बोटांनी चाल सोडायची नाही, कोपराने दाब सोडायचा नाही आणि मनगटाने नेमक्या मात्रेवर सुरांचा जोड द्यायचा. तिकडे नवशिक्याला आधी नुसती पिशवी, भाता आणि चालीची नळी देतात, पुढे अखंड सुराच्या नळ्या आणि सर्वांत शेवटी रेग्युलेटर. पाइपवाला घडायला एकवीस वर्षं लागतात, अशी तिथली म्हण आहे: सात शिकायची, सात सरावाची, सात वाजवायची.

आपल्याकडे हे ओझं सहसा वाटून घेतात. लग्नाच्या वाजंत्र्यांत सनईवाला चाल वाजवतो, शेजारचा नुसता सूर धरून बसतो, ताल संबळ सांभाळतो. तीन माणसं मिळून एक वाद्य होतात. पावरीवाल्याला असा जोडीदार नाही. वारा, सूर, चाल आणि नाचाची गती एकाच देहात सांभाळणारा म्हणून तो मला त्या आयरिश वादकाच्या जवळचा वाटतो, आणि माझ्या मते त्याचं काम जास्त अंगमेहनतीचं आहे. कोपर थकतं त्याच्या आधी गाल थकतात.

पावरी शिकवण्याची पद्धत मात्र अगदी उलटी. सोपं वाद्य आधी, अवघड नंतर, असे टप्पे इथे नाहीत. पोरगा फेरात नाचता नाचता ऐकतो, चाली त्याच्या पायांत आधी बसतात, मग कधीतरी तो मोठ्यांच्या हातातली पावरी तोंडाला लावतो. ही रीत फेर टिकला तरच टिकते. घरातली तरुण मुलं दिंडोरीच्या द्राक्षबागांत, नाशिकच्या बांधकामांवर मजुरीला गेली की शिकण्याचा हंगामच हुकतो. आणि भोपळा निवडणं, जीभ कापणं, मेण लावून सूर जुळवणं हे जाणणारा हात गेला की वाजवणारा असूनही उपयोग नाही.

जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे ज्येष्ठ तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 साली पद्मश्री जाहीर झाली, याचा आनंद मोठा आहे. पण एका वादकाच्या सन्मानाने वाद्याला शिष्य मिळत नाहीत. 1968 साली आयर्लंडमध्ये इलन पाइप्सचे वादक शंभराच्या आत आले होते. तेव्हा उरलेल्यांनी एकत्र येऊन 'ना पीबरी इलन' ही संस्था काढली. तिने वादनाच्या जोडीला वाद्य बनवणं आणि पत्ती कापणंही शिकवायला घेतलं, जुनी ध्वनिमुद्रणं जपली. 2017 साली युनेस्कोने ती वादनकला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. आज ते वाद्य जगभर शिकलं जातं.

सुरगाणा, पेठ, कळवणमध्ये आश्रमशाळा आहेत आणि त्यांत शिकणारी मुलं याच पाड्यांवरची आहेत. त्या शाळांत आठवड्याचा एक तास पावरीवाल्याला द्यावा, मानधन देऊन द्यावा, आणि त्या तासात वाजवण्याआधी भोपळा पोखरायला शिकवावं. स्नेहसंमेलनात पाच मिनिटांचं नृत्य बसवण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं आहे. नाशिककरांनी निदान एवढं करावं: येत्या मार्गशीर्षात पौर्णिमेच्या आधीच्या एखाद्या रात्री, गावकऱ्यांची परवानगी घेऊन, फोन खिशात ठेवून त्या फेराच्या कडेला उभं राहावं.