जड पाणी, वाईट पाणी

लातूरला आमच्या घरी पाण्याची परीक्षा अम्मी घ्यायची. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ कितीही उकळा, दाणा न् दाणा वेगळा. नळाच्या पाण्यात तीच डाळ लोण्यासारखी शिजे. बोअरचं पाणी ‘जड’, असा तिचा निकाल. पाठ्यपुस्तकातला शब्द ‘दुष्फेन’. मला अम्मीचाच बरा वाटतो.

खडकातून झिरपताना पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळतं. कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला आवळून धरतं, म्हणून डाळ शिजत नाही. साबणाला फेसही येत नाही. भारतीय मानकानुसार हा जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा; दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालतो. पाणी उकळलं, की त्यातला बायकार्बोनेटचा भाग भांड्याच्या तळाशी पांढरा होऊन बसतो. बाकीचा राहतो.

पण माझ्या धाकट्याला कावीळ झाली, ती डाळ झकास शिजवणाऱ्या नळाच्या पाण्यानं! आमच्याच घराची जोडनळी गटारातून गेलेली, गंजून चाळण झालेली. नळाचं पाणी थांबलं, की नळीत पोकळी होते आणि गटाराचं पाणी आत ओढलं जातं. जंतू डाळीला कळत नाहीत, जिभेलाही नाहीत. नळी बदलून गटारापासून दूर, वरून घेतली. पिण्याचं पाणी आता खळखळून उकळतो, बोअरचंसुद्धा.