माशा मारणारी माशी

मराठी भाषेने माशीला कधी मान दिलेला नाही. काम बिघडले की ‘माशी शिंकली’, हाताला काम नसले की ‘माशा मारीत बसला आहे’, डोके न वापरता नक्कल केली की ‘मक्षिकास्थाने मक्षिका’, आणि पहिल्याच घासाला विघ्न आले की तेथेही बिचारी मक्षिकाच! पण आज ज्या माशीची ओळख वाचकांना करून द्यावयाची आहे, ती अक्षरशः माशा मारून पोट भरते. सकाळचे ऊन चढल्यापासून ते कलेपर्यंत तिला दुसरा उद्योग नाही.

तिची माझी पहिली नीट भेट झाली ती महाळुंग्याला. मुळशी तालुक्यातले, मुळा नदीच्या काठचे हे गाव. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने बालेवाडी-महाळुंग्याच्या शिवारात मोठे क्रीडासंकुल उभे राहिले, पलीकडे हिंजवडीला संगणकाच्या कचेऱ्या आल्या, आणि ३० जून २०२१ रोजी गाव पुणे महानगरपालिकेत गेले. माझी भाची तेथे चौदाव्या मजल्यावर राहते. तिच्या इमारतीशेजारी एक रिकामी जागा होती. कमरेइतके गवत, दोन-चार बाभळी, विटांचा एक ढीग. भाद्रपदातल्या एका सकाळी तिच्या सहावीतल्या मुलाला घेऊन मी तेथे हिंडत होतो.

“आजोबा, हे बघा, ही माशी मच्छर खातेय!”

गवताच्या वाळक्या काडीच्या टोकावर एक बारीकशी माशी बसली होती. लांबी तांदळाच्या दाण्याएवढी. पाय काटेरी, पोट निमुळते, डोळे डोक्याच्या मानाने अवाढव्य. पुढच्या पायांत तिच्याहून थोडा लहान एखादा चिलटासारखा जीव. आम्ही पाहता पाहता तिने तो टाकून दिला, पाय पुसले, मान इकडे तिकडे फिरवली आणि बाणासारखी उडाली. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच त्याच काडीवर परत! पायांत नवा जीव.

“हिचं नाव काय?”

“लुटारू माशी. इंग्रजीत रॉबर फ्लाय म्हणतात.”

“म्हणजे सगळ्यांचं एकच नाव? आमच्या वर्गात तीन पाटील आहेत. आडनाव सांगून कसं चालेल?”

मुलाने नेमके बोट ठेवले होते. लुटारू माशी हे खरोखरच आडनाव आहे. ‘असिलिडी’ नावाच्या या कुळात जगभरच्या सुमारे साडेसात हजार जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. काही बोटाच्या दोन पेरांएवढ्या धिप्पाड, काही मुंगीएवढ्या. काडीवर बसलेली ही कोण, हा प्रश्न राहिलाच.

नावाकडे वळण्यापूर्वी तिच्या कामाकडे थोडे पाहू. माशीचे पंख दोन. मागच्या जोडीच्या जागी ढोल वाजवण्याच्या टिपरीसारखे दोन बारीक दांडे असतात. उडताना ते वेगाने हलतात आणि तोल सांभाळतात. घरातली माशी याच बळावर आपल्या हातावर तुरी देऊन निसटते. पण लुटारू माशीला निसटायचे नसून गाठायचे असते. तिच्या तोंडावर राठ केसांचा झुपका असतो. शास्त्रज्ञ त्याला ‘मिस्टॅक्स’ म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मिशी. या मिशीचा उपयोग ऐट मिरवण्यासाठी नाही. पकडलेला किडा धडपडू लागला की त्याच्या नख्यांपासून तिचे तोंड वाचवणारी ती ढाल आहे. सोंड सुरीसारखी टणक. ती भक्ष्यात खुपसून माशी आत लाळ सोडते. त्या लाळेने किडा लुळा पडतो आणि त्याच्या अंगातला ऐवज पातळ होतो. मग नारळाचे पाणी प्यावे तसा तो पिऊन ती करवंटी फेकून देते.

या शिकारीचा हिशेब केंब्रिज येथील संशोधकांनी २०१७ साली मांडला. त्यांनी निवडलेली अमेरिकेतली ‘होल्कोसेफला’ नावाची लुटारू माशी जेमतेम सहा मिलिमीटर लांब. त्यांनी मासे धरण्याच्या दोऱ्यात बारीक मणी ओवले, दोरा यंत्राने खेचला आणि वेगवान कॅमेऱ्यांनी चित्रण केले. मणी अर्ध्या मीटरच्या आसपास असतानाच माशी त्याच्यावर झेप घेई! आपल्या लांबीच्या शंभरपट अंतरावरचे साबुदाण्याएवढे लक्ष्य तिला पुरते. आणि ती भक्ष्याच्या मागे धावत नाही. समुद्रावरचा नाखवा जाणतो की, दुसरे जहाज सतत एकाच दिशेला दिसत राहून जवळ येत असेल तर टक्कर ठरलेली. नाखवा ती टाळतो; ही माशी ती घडवून आणते. भक्ष्य सुमारे तीस सेंटिमीटरांवर आले की ती वेग आवरते, वळसा घेते आणि मागून अलगद झडप घालते. हा सारा खेळ एका सेकंदाच्या आत आटोपतो.

तिचे बालपण मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाही. पुष्कळ जातींच्या अळ्या जमिनीत किंवा कुजक्या लाकडात वाढतात आणि तेथे दुसऱ्या किड्यांची अंडी-अळ्या खातात. अर्जेंटिनातल्या एका जातीची अळी जमिनीत हुमणीचा माग काढते. ऊस, भुईमूग लावणाऱ्यांना हुमणी म्हणजे काय हे सांगायला नको. पण त्याच जातीची प्रौढ माशी मधमाश्या मारते, म्हणून मधपाळ तिला शिव्या देतात. तेव्हा ही आपली मित्र की शत्रू, याचे सरसकट उत्तर नाही. जात कळल्याशिवाय ते देताच येत नाही, आणि म्हणूनच नावाला महत्त्व.

कीटकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले माझे एक स्नेही आहेत. भाचीने भ्रमणध्वनीवर काढलेले छायाचित्र मी त्यांना दाखवले. ते हसून म्हणाले, “बसलेली एवढीशी माशी पाहून जात सांगणारा एक तर थोर असतो, नाही तर थापाड्या. हिला नाव असेलही. नसेलही. नुसत्या फोटोवरून मी सांगणार नाही.”

“मग कशावरून सांगाल?” मी विचारले. त्यावर त्यांनी जे समजावून दिले ते असे.

माशी नवी आहे असे वाटले म्हणजे काही ती नवी ठरत नाही. नमुना आधी नीट टिपावा लागतो. बारीक माश्या कागदाच्या निमुळत्या तुकड्यावर चिकटवतात किंवा केसासारख्या टाचणीवर चढवतात. खाली चिठ्ठी: गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. चिठ्ठी हरवली तर माशी कवडीमोलाची. मग सूक्ष्मदर्शकाखाली पंखांच्या शिरा, मिशीचे केस, पायांवरचे काटे मोजायचे. एवढ्यानेही भागत नाही. पुष्कळ जाती बाहेरून जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. खरा फरक नराच्या जननेंद्रियांच्या घडणीत असतो. त्यासाठी पोटाचे टोक कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात स्वच्छ करून त्याचे चित्र काढावे लागते. २००३ सालापासून कॅनडातल्या पॉल हीबर्ट यांच्या सूचनेनुसार डीएनएचा एक ठराविक लहान तुकडा वाचण्याची पद्धतही रूढ झाली आहे.

नंतरचे काम सर्वांत किचकट. या वंशातल्या आजवर नाव मिळालेल्या प्रत्येक जातीशी ताडून पाहायचे. प्राण्यांच्या नावांचा हिशेब लिनियसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून सुरू होतो. तेव्हापासून कोणीही, कोणत्याही भाषेत वर्णन केले असेल तर आधीचे नाव खरे. आपल्याकडे आढळणाऱ्या ‘मिकोटामिया ऑराटा’ या लुटारू माशीला लिनियसचा शिष्य फॅब्रिशियस याने १७९४ सालीच नाव देऊन ठेवले आहे. पुण्यात शनिवारवाड्यावर सवाई माधवराव पेशवे होते, तेव्हाची ही गोष्ट!

पुढे इंग्रजी अमदानीत एन्रिको ब्रुनेट्टी नावाच्या गृहस्थाने हिंदुस्थानच्या माश्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिले. पहिला १९१२ साली निघाला. हा पेशाने संगीतकार, मुक्काम कलकत्ता. स्वातंत्र्यानंतर भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेतल्या जोसेफ आणि परुई या दोघांनी भारतातल्या लुटारू माश्यांच्या कित्येक नव्या जाती उजेडात आणल्या. या संस्थेचे पश्चिम विभागाचे केंद्र पुण्याजवळ आकुर्डीलाच आहे.

इतके करून जात नवी ठरली, तर वर्णन छापावे लागते. एक नमुना ‘होलोटाइप’ म्हणून निवडतात. बहुधा त्याला लाल चिठ्ठी लागते. पुढे कधीही वाद झाला तर कौल त्या एका माशीचा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार असे नमुने सरकारमान्य संग्रहालयात ठेवावे लागतात. ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ ही म्हण नकलाकाराच्या चेष्टेसाठी झाली खरी, पण येथे तिला अगदी निराळा अर्थ येतो. त्या जागी तीच माशी हवी, दुसरी चालणार नाही.

नाव मात्र शोधणाऱ्याच्या मर्जीचे. ऑस्ट्रेलियातल्या सरकारी विज्ञानसंस्थेने २०२० साली पाच नव्या लुटारू माश्यांची नावे जाहीर केली. त्यांतल्या एकीला चित्रकथाकार स्टॅन ली यांचे नाव मिळाले, कारण तिच्या तोंडावर त्यांच्यासारखी पांढरी मिशी! आपल्याकडे ठाणे परिसरात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या एका कोळ्याचे नाव २०२१ साली ‘इशियस तुकारामी’ ठेवण्यात आले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गोळ्या झेलून कसाबला घट्ट धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे यांचे हे स्मरण. एवढ्या गजबजलेल्या मुलखात अनामिक शिकारी राहत होता, ही गोष्ट त्या नावाइतकीच ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नवी जात शोधायला घनदाट अरण्यच लागते असे नाही.

“हे सगळे व्हायला किती दिवस लागतात?” मी स्नेह्यांना विचारले.

“दिवस?” ते म्हणाले, “वर्षे विचारा.”

पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातल्या अभ्यासकांनी हा हिशेब २०१२ साली प्रसिद्ध केला आहे. २००७ साली वर्णन झालेल्या नव्या जातींपैकी सहाशे त्यांनी निवडल्या आणि प्रत्येकीचा पहिला नमुना केव्हा गोळा झाला होता ते शोधले. सरासरी निघाली एकवीस वर्षे! एकवीस वर्षे तो जीव कोणत्या तरी पेटीत टाचणीवर बसून असतो. कारण माश्या पुष्कळ आणि त्या ओळखणारी माणसे थोडी. जगात दीड लाखांहून अधिक जातींच्या माश्यांना नावे आहेत, पण एकेका कुळाचे जाणकार बोटांवर मोजण्याइतके. या विद्येत पैसा नाही, नोकऱ्या थोड्या, आणि ‘मुलगा काय करतो’ या प्रश्नाला ‘माशा मोजतो’ असे उत्तर देताना आईबापांची जीभ अडखळते.

आता ही एकवीस वर्षे महाळुंग्याला लावून पाहा. तितक्या वर्षांपूर्वी तेथे कोणी एक माशी टिपली असती आणि चिठ्ठीवर ‘महाळुंगे, शेताचा बांध’ असे लिहिले असते, तर सरासरीने आज ती छापून आली असती. नाव हाती येईपर्यंत बांधाच्या जागी वाहनतळ! जिच्या अळीला मातीत वर्षभर निवांत राहावे लागते, तिला पायासाठी खणलेल्या खड्ड्याचे काय उत्तर द्यायचे? उडता येणारी उडून जाईल, पण मातीतली पोरे तेथेच राहिली. भाचीच्या शेजारच्या त्या मोकळ्या जागेभोवतीही आता निळे पत्रे उभे राहिले आहेत. लोकांना घरे हवीत, हे मला मान्य आहे. माझी भाचीही अशाच एका शेतावरच्या घरात सुखाने राहते. पण घर बांधताना आपण कोणाला उठवले, निदान त्याचे नाव तरी माहीत असावे. ज्याला नाव नाही त्याची तक्रार कोणत्याच कचेरीत नोंदली जात नाही.

मग तुम्ही-आम्ही काय करावे? माझ्या स्नेह्यांनी तीन गोष्टी सांगितल्या, त्या वाचकांपुढे ठेवतो. आपल्या सोसायटीच्या आवारात कुंपणालगतची हातभर रुंद पट्टी तरी फरशी न घालता सोडा. तेथे गवत वाढू द्या, पाला कुजू द्या. डासांसाठी म्हणून दर आठवड्याला औषधाचा धूर मारण्यापूर्वी साचलेले पाणी ओता. धुराने डासांबरोबर डास खाणारेही मरतात. आणि घरात किड्यांची छायाचित्रे काढणारे पोर असेल तर त्याला हसू नका. प्रत्येक चित्राबरोबर जागा आणि तारीख लिहून ठेवायची सवय मात्र लावा. छायाचित्राने जात सिद्ध होत नाही, पण कोठे शोधावे हे जाणकाराला त्यातून कळते.

आमच्या चिरंजीवांनी यासाठी एक वही घातली आहे. पहिल्या पानावर ‘लुटारू माशी’ असे लिहून पुढे नावासाठी एक रिकामी ओळ सोडली आहे. ती पेन्सिलीने भरू का, असे त्याने मला विचारले होते. मी म्हटले, “घाई नको. आधी तारीख आणि गाव शाईने लिही.”