एका पिढीचें वकीलपत्र

एरिख मारिया रेमार्क या जर्मन लेखकाची ‘ऑल क्वायट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या इंग्रजी नांवानें सर्वश्रुत झालेली कादंबरी १९२९ सालीं निघाली व पाहतां पाहतां तिच्या लक्षावधि प्रती खपल्या. महायुद्धानें ज्यांचें तारुण्य हिरावलें, त्या साऱ्या पिढीचें वकीलपत्रच जणुं तिनें घेतलें होतें. वास्तविक लेखकाचें आघाडीवरील वास्तव्य कांहीं आठवड्यांचें. १९१७ च्या जुलैअखेर तो जखमी होऊन रुग्णालयांत गेला. विरोधकांनीं यावरूनच त्यास धारेवर धरलें. परंतु अनुभवाचे दिवस मोजून का असा अधिकार ठरतो? अर्न्स्ट युंगर कितीतरी अधिक काळ खंदकांत होता. त्यानें १९२० सालीं त्याच रणांगणावर पराक्रमाच्या धुंदीचा ग्रंथ लिहिला. दोघेहि त्याच पिढीचे!

याहून विलक्षण गोष्ट पुढेंच आहे. १० मे १९३३ रोजीं बर्लिनच्या ऑपेरा चौकांत रेमार्कचीं पुस्तकें जाळण्यांत आलीं. जाळणारे कोण, तर विश्वविद्यालयांतील विद्यार्थी. त्यांतील बहुतेकांनीं खंदक पाहिलाहि नव्हता. त्यांचा वैताग बेकारीचा व पराभवाच्या अपमानाचा होता, आणि त्याला रेमार्कच्या पानांत जागा नव्हती. ती नाझींनीं दिली.

रेमार्क तोंवर स्वित्झर्लंडांत पोहोंचला होता. मागें राहिलेली त्याची बहीण एल्फ्रीड हिला, युद्ध हरल्यांत जमा आहे असें बोलल्याबद्दल, १९४३ च्या डिसेंबरांत देहान्त शिक्षा झाली.