यकृताच्या तुकड्यातील जनुक काय सांगते?

उंदराच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग कापून काढला, तरी आठवडा-दीड आठवड्यात ते जवळजवळ मूळ वजनाला पोहोचते. वाढीचा हा निरोप नेणारी द्रव्ये म्हणजे वृद्धिघटक. पेशीच्या पृष्ठभागावर तो निरोप झेलणारी प्रथिने म्हणजे ग्राही. ‘मेट’ हा त्यांतलाच एक. जखम भरून काढणारी हीच यंत्रणा बेताल झाली की कर्करोगाला हातभार लावते. म्हणूनच रुग्णाच्या यकृतात ग्राहीचे जनुक किती कार्यरत आहे, हे पाहण्याचा खटाटोप.

जनुक प्रत्येक पेशीत असतेच. शोधायची ती त्याची कामचलाऊ नक्कल, संदेशवाहक आरएनए. ती इतकी नाजूक की ऊती लगेच गोठवली वा जतन केली नाही, तर विघटित होऊ लागते. ऊतीचा लगदा करून पीसीआर चाचणी केली, तर आकडा हाती येतो. पण तो नेमका कोणाचा? सिरोसिस झालेल्या यकृतात यकृतपेशींबरोबर तंतू निर्माण करणाऱ्या, दाहाच्या, पित्तनलिकांच्या पेशीही दाटलेल्या असतात. मिसळीचा रस चाखून त्यात मटकी किती हे सांगण्यासारखाच हा प्रकार. त्यापेक्षा ऊतीच्या पातळ कापावर त्या आरएनएला जुळणारा, खूण लावलेला धागा चिकटवला, तर कोणती पेशी बोलते आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. मात्र नक्कल आहे म्हणजे प्रथिन आहेच असे नाही. प्रथिन प्रतिपिंडांच्या साहाय्याने रंगवून दाखवता येते; पण ते दिसले म्हणून त्यावरच कर्करोग पोसला जात आहे, असेही ठरत नाही.

हा फरक किती महागात पडतो, ते टिव्हँटिनिबच्या चाचणीत दिसले. आधीच्या लहान चाचणीत ‘मेट’ अधिक असलेल्या रुग्णांना या औषधाचा लाभ झाल्यासारखे वाटले होते. म्हणून पुढे ऊती रंगवून तसेच ३४० रुग्ण निवडले गेले. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: औषध घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान ८.४ महिने, औषधाविना ९.१. दोष केवळ निवडीचा नव्हता. हे औषध ‘मेट’पेक्षा पेशीविभाजनाच्या सूत्रनलिकांवर अधिक काम करते, असे प्रयोगशाळेत तोवर आढळले होते.

गंमत अशी की, रक्तवाहिन्यांच्या वृद्धिघटकाचा ग्राही रोखणारे रामुसिरुमॅब हे औषध यकृताच्या कर्करोगात २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, तेव्हा त्यासाठी रुग्ण निवडण्याची कसोटी ऊतीतील ग्राही ही नव्हती. ती होती रक्तातील अल्फा-फिटोप्रोटीन, मिलिलिटरला ४०० नॅनोग्रॅम वा अधिक.