मुळी, मुलुंड आणि मायलिन

घाटकोपर किंवा मुलुंडच्या भाजीबाजारात कच्छी-गुजराती गिऱ्हाइकांसाठी कधीकधी मातकट, बोटभर लांबीच्या मुळ्यांचे वाटे मांडलेले दिसतात. गुजराती बायका त्यांना गरमर म्हणतात, मराठीत नाव माईनमूळ. ही मुळी सोलून, चिरून, मीठ-मोहरी लावून तिचे लोणचे घालतात. बाजारापासून थोड्याच अंतरावर, मुलुंडमध्येच, 1970 च्या दशकात हेक्स्ट या जर्मन कंपनीचे संशोधन केंद्र होते. याच मुळीतून तिथे एक पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा केला गेला आणि आज मज्जातंतूंचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत तो रोजच्या वापरात आहे. मुलुंडकरांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते, म्हणून हा लेख.

पदार्थाचे नाव फोर्स्कोलिन. वनस्पतीचे जुने शास्त्रीय नाव कोलियस फोर्स्कोहली, आता कोलियस बार्बाटस. जुने नाव पेटर फोर्सकोल या निसर्ग-अभ्यासकाचे. लिनीअसचा हा शिष्य डॅनिश राजाच्या मोहिमेबरोबर अरबस्तानात गेला आणि 1763 साली येमेनमध्ये हिवतापाने वारला. त्या तुकडीतला कार्स्टन नीबूर मात्र त्याच वर्षी मुंबईला पोचला आणि त्याने घारापुरीच्या लेण्यांची रेखाटने केली. फोर्सकोल स्वतः मुंबईला आलाच नाही. त्याचे नाव दोनशे वर्षांनी मुलुंडच्या काचपात्रात उतरले, हा योग मला फार हलवून जातो.

हेक्स्टच्या केंद्रात भारतीय औषधी वनस्पतींची पद्धतशीर चाळणी चालू होती. वनस्पतीचा अर्क काढायचा, प्राण्यांवर त्याचा परिणाम पाहायचा, परिणाम दिसला की अर्काचे भाग करत करत नेमका कोणता रेणू काम करतो तिथपर्यंत पोचायचे. कोलियसच्या मुळीच्या अर्काने रक्तदाब उतरत होता आणि हृदयाचे आकुंचन जोरकस होत होते. डॉ. सुजाता भट, बजवा, डॉर्नॉवर, नोएल डिसोझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 साली या डायटर्पिनॉइड रेणूची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनेही त्याच सुमारास या वनस्पतीतून ‘कोलिओनॉल’ वेगळे केले होते. तो वेगळा पदार्थ नसून फोर्स्कोलिनच आहे हे पुढे सिद्ध झाले. मुलुंडच्या गटाने जवळपासच्या कुळातल्या इतर अनेक वनस्पतीही तपासल्या, पण फोर्स्कोलिन सापडले ते या एकाच जातीत. डॉ. भट पुढे पवईच्या आयआयटीत शिकवू लागल्या. नैसर्गिक पदार्थांच्या रसायनशास्त्रावरचे त्यांचे पाठ्यपुस्तक अनेक विद्यार्थ्यांनी वापरले आहे.

हा रेणू करतो काय, हे 1981 साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या सीमन, पॅजेट आणि डेली यांनी दाखवले. पेशीला बाहेरून संदेश मिळाला की तिच्या पटलातले ॲडिनिलेट सायक्लेज हे विकर जागे होते आणि आत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या तयार होतो. फोर्स्कोलिनला बाहेरच्या संदेशाची गरजच पडत नाही. सोसायटीच्या दाराची बेल न दाबता थेट मीटर-रूममध्ये जाऊन खटका ओढावा, तसे ते विकरालाच चालू करते.

आता या रेणूचा ज्याच्याशी संबंध जुळला, त्या मायलिनकडे. मज्जातंतूभोवती हे स्निग्ध आवरण थरावर थर गुंडाळलेले असते आणि मधूनमधून त्याला उघड्या फटी असतात. संदेश एका फटीतून दुसरीकडे उड्या मारत जातो. आवरण नसलेल्या बारीक तंतूत त्याचा वेग सेकंदाला मीटरभर असतो, जाड आवरणाच्या तंतूत शंभर मीटरपर्यंत जातो. हात-पायांच्या नसांत हे आवरण श्वान पेशी विणतात, मेंदूत आणि मज्जारज्जूत ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या दुसऱ्याच पेशी. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएस या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतले आवरण कुरतडते. दृष्टी धूसर होते, पाय जड पडतात, थकवा सोडत नाही. एमएस सोसायटी ऑफ इंडिया 1985 मध्ये मुंबईतच स्थापन झाली. नोशीर वाडिया यांच्यासारख्या न्यूरॉलॉजिस्टांनी इथल्या पारशी समाजात हा आजार इतरांपेक्षा जास्त असल्याचे दाखवून दिले. दुसरीकडे गियाँ-बारे आजाराच्या मुख्य प्रकारात घाला पडतो तो हात-पायांच्या नसांवर. 2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसराने तो जवळून पाहिला.

श्वान पेशी प्रयोगशाळेत वाढवायला कठीण. मज्जातंतूपासून तोडल्या की त्या मायलिन बनवायचे विसरतात. सायक्लिक एएमपी वाढवले की ती आठवण परत येते, हे 1980 च्या दशकात कळले. मज्जातंतू शेजारी नसतानाही, फोर्स्कोलिन घातले की पेशीतली मायलिनची जनुके बोलू लागत. माझ्या मते सगळ्यात सुंदर प्रयोग 2009 चा. केली मंक आणि विल्यम टॅलबट यांच्या गटाने झेब्रा माशांची अशी पिल्ले अभ्यासली, ज्यांच्यात जीपीआर-126 या ग्राहीत जन्मजात दोष होता. त्यांच्या शरीरभरच्या नसांत श्वान पेशी तंतूला बिलगून उभ्या होत्या, पण आवरण गुंडाळायला सुरुवातच करत नव्हत्या. पिल्लांच्या पाण्यात फोर्स्कोलिन मिसळले आणि मायलिनचे जनुक पुन्हा कामाला लागले. म्हणजे ग्राहीच्या पलीकडचे सगळे यंत्र शाबूत होते, अडले होते फक्त खटक्यापाशी.

आता एमएस असलेल्या घरात हमखास निघणारा प्रश्न: मग ही मुळी खाऊ का? ज्यांनी आपल्या माणसाला रोज थोडे थोडे थिजताना पाहिले आहे, त्यांच्याशी मला सरळच बोलायचे आहे. नका खाऊ. माशातला तो प्रयोग श्वान पेशींचा, तर एमएसमध्ये उणीव असते ऑलिगोडेंड्रोसाइटच्या कामाची. शिवाय सायक्लिक एएमपीचा खटका हृदयात, रक्तवाहिन्यांत, रक्तातल्या प्लेटलेटमध्ये, डोळ्यांतही आहे. डोळ्यांतला दाब कमी करण्यासाठी फोर्स्कोलिन माणसांवर तपासले गेले आणि त्याचा पाण्यात विरघळणारा भाऊबंद जपानमध्ये 1999 पासून हृदयविकारासाठी शिरेतून दिला जाऊ लागला. मूळ पदार्थ फोर्स्कोलिन आज वजन उतरवण्याच्या गोळ्यांतून सर्रास विकला जातो. रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याला तो धोक्याचा ठरू शकतो. लोणच्याच्या फोडीला घाबरायचे कारण नाही, पण ती फोड औषधही नव्हे.

हिरव्या चहातल्या ईजीसीजी या रेणूबद्दलही असाच उत्साह होता. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात एमएसच्या 122 रुग्णांवर दीड वर्ष चाचणी झाली आणि 2021 मध्ये निष्कर्ष आला: मेंदूच्या एमआरआयवर फरक नाही. उंदरांत मात्र त्याचा चांगला परिणाम दिसला होता. उंदरापासून माणसापर्यंतचा हा रस्ता वनस्पतीजन्य रेणूंपैकी फार थोड्यांनी पार केला आहे. ज्यांनी केला त्यांचे काम मर्यादित आहे. भांगेच्या झाडाचा प्रमाणित अर्क एमएसमधला स्नायूंचा ताठरपणा कमी करतो, पण आवरण परत विणत नाही.

मुलुंडच्या केंद्रात झालेल्या कामाची मोठी गोष्ट मला इथे दिसते. त्यांनी मुळीचे गुणगान केले नाही. नेमका रेणू काढला, त्याची रचना अणू-अणूने मांडली. म्हणून जगातला कुणीही संशोधक तो मोजून, ठरलेल्या मात्रेत, ठरावीक पेशीवर वापरू शकला. 1990 च्या दशकाच्या अखेरीस ते केंद्र हेक्स्टच्या हातून निकोलस पिरामलकडे गेले. कंपनी बदलली, रेणू तोच राहिला.

मायामीत मज्जारज्जूला इजा झालेल्या सहा जणांच्या चाचणीला 2012 मध्ये सुरुवात झाली. प्रत्येकाच्या पायातल्या एका बारीक नसेचा तुकडा काढला गेला, त्यातल्या श्वान पेशी वेगळ्या करून कित्येक आठवडे वाढवल्या गेल्या आणि मग त्याच माणसाच्या मज्जारज्जूत सोडल्या गेल्या. पहिली चाचणी होती ती फक्त हे सुरक्षित आहे का हे पाहण्यासाठी. पेशी ज्या द्रावात वाढल्या, त्या द्रावात फोर्स्कोलिन होते.