ग्रामसभेच्या वहीत आपला मोहल्ला

कब्रस्तानाला संरक्षक भिंत नाही, मोहल्ल्यातले गटार पावसाळ्यात घरात शिरते, उर्दू शाळेच्या मुलींसाठी धड स्वच्छतागृह नाही. कुठल्याही गावी जा, या तीन तक्रारी ऐकू येतात. मग निवडणूक जवळ आली की आपली चार जबाबदार माणसे एखाद्या पुढाऱ्याकडे अर्ज घेऊन जातात. पुढारी हो म्हणतो, चहा पाजतो. काम होत नाही, आणि झाले तर ते त्याचे उपकार म्हणून होते.

आम्ही विचारतो, ज्या वहीत हे काम आधी लिहिले जायला हवे होते, ती वही आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे?

73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी लागू झाली आणि पंचायतींना आपल्या गावाचे नियोजन करण्याचा घटनात्मक आधार मिळाला. 11 व्या अनुसूचीत त्यासाठी 29 विषय आहेत: पिण्याचे पाणी, रस्ते, आरोग्य, प्राथमिक शिक्षण वगैरे. महाराष्ट्रात 14 व्या वित्त आयोगाच्या काळापासून 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने प्रत्येक ग्रामपंचायत आपला विकास आराखडा तयार करते. साधारणपणे 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढच्या वर्षाच्या आराखड्याची धामधूम सुरू होते. ग्रामसभेने मंजूर केलेला आराखडा पंचायत समितीकडे छाननीला जातो आणि नंतर 'ई-ग्रामस्वराज' पोर्टलवर चढवला जातो. तो कुणालाही मोबाईलवर पाहता येतो. त्यात जे काम नाही, त्याला वित्त आयोगाचा पैसा सहसा मिळत नाही.

या पैशाचीही एक वाटणी असते. 15 व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छता या कामांना बांधून दिला आणि 40 टक्के मोकळा ठेवला. ही वाटणी माहीत असली की मागणी कशी मांडायची ते कळते. मोहल्ल्याचे गटार हे स्वच्छतेचे काम आहे. त्यासाठी 'आमच्या समाजाचे काम करा' असे म्हणण्याची गरजच नाही. ते गावाच्या सांडपाण्याचे काम म्हणून बांधील निधीत बसते. कब्रस्तानाच्या भिंतीचे तसे नाही. ती मोकळ्या निधीतून तरी व्हायला हवी, नाहीतर जनसुविधा अनुदानातून किंवा अल्पसंख्याक बहुल ग्रामीण क्षेत्र विकास कार्यक्रमातून. दहन व दफनभूमीची व्यवस्था हे ग्रामपंचायतीच्या कायद्यातच नोंदलेले काम आहे, एवढे तरी आपल्या लोकांनी सभेत ठामपणे सांगावे.

पण सांगायला सभेत असावे लागते! कायद्याने ग्रामसभेला गावातल्या मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यातली जी संख्या कमी असेल तेवढे हजर लागतात. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नाही. म्हणजे मूठभर माणसांनी हात वर केले तरी वर्षभराची कामे ठरून जातात. त्या मुठीत आपला माणूस नसेल, तर आपले गटार कोणी आठवणीने लिहील अशी अपेक्षा का धरावी? यात दरवेळी कुणाचा आकस असतो असेही नाही. ज्याच्या दारात पाणी तुंबते तोच ते बोलतो.

कोकणात याला आणखी एक कारण आहे. तिथल्या जमाती फार जुन्या आणि शिस्तीच्या. मशिदीची दुरुस्ती, मदरसा, गरजूंची मदत, कित्येकदा पाखाडी आणि विहीरसुद्धा जमात करते. पैसा मुंबईहून आणि आखातातून येतो. ही मोठी गोष्ट आहे. पण तिच्यामुळे पंचायत ही 'त्यांची' आणि जमात 'आपली' अशी वाटणी मनात पक्की झाली. घरपट्टी आपणही भरतो, पाणीपट्टी आपणही भरतो, आणि रस्ता मात्र दुबईत राबणाऱ्या मुलाच्या पगारातून करतो. हा हिशेब आम्हाला पटत नाही.

मशवरा आपल्याला नवा नाही. कुरआनच्या एका सूरहचे नावच 'शूरा' आहे, आणि तिच्यात ईमानवाल्यांचे गुण सांगताना नमाज आणि अल्लाहच्या मार्गातला खर्च यांच्या सोबतीने आपसातला मशवरा आला आहे. खंदकाच्या प्रसंगी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत सलमान फारसी (र.) यांची सूचना स्वीकारली आणि मदीनेच्या रक्षणासाठी खंदक खोदला गेला. जो मशवरा मशिदीच्या ओट्यावर चालतो, तो पंचायतीच्या सभागृहात का चालू नये?

आता भगिनींविषयी, कारण पाण्याचा आणि शाळेचा त्रास त्यांच्याइतका कुणाला ठाऊक नाही. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी असा नियम आहे. तिथे पुरुष मंडळींची गर्दी नसते, त्यामुळे संकोचाचे कारणही उरत नाही. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के हिस्सा महिला व बालकल्याणावर खर्च व्हायला हवा. तो कशावर झाला हे विचारण्याची जागा हीच. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असल्याने आपल्याही कित्येक भगिनी सदस्य होतात. त्यांच्या जागी त्यांचे मियाँ खुर्चीत बसतात, हे मात्र थांबायला हवे.

उर्दू शाळेसाठी तर दुसरा दरवाजाही उघडा आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात, आणि शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. तिथे स्वच्छतागृह लिहिले आणि तोच मुद्दा ग्रामसभेतही आला, तर तो टाळणे अवघड जाते.

गावाच्या वर जिल्हा नियोजन समिती असते. पंचायती आणि नगरपालिकांचे आराखडे एकत्र करून जिल्ह्याचा आराखडा करणे हे तिचे काम. आपल्याकडे पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात. 2022 पासून कित्येक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले आणि लोकांनी निवडलेली माणसे या टेबलावरून गायब झाली. अशा काळात गावचा लेखी ठराव आणखी मोलाचा ठरतो.

म्हणून ग्रामसभेची नोटीस फलकावर लागली की ती वाचून जुम्याच्या नमाजीनंतर मशिदीत सांगावी, महिलांच्या सभेची तारीखही घरोघर कळवावी. जाताना कब्रस्तानाचा सातबारा आणि जागा वक्फची असल्यास नोंदणीची नक्कल सोबत ठेवावी, नाहीतर मालकीच्या प्रश्नावरच विषय अडतो. मागणी लेखी द्यावी, पोच घ्यावी. ग्रामसेवकांनी (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) ठराव इतिवृत्तात कसा लिहिला, तो उठण्याआधी वाचून दाखवायला सांगावा.