विंडोज १० बंद झाली, आता जुन्या कॉम्प्युटरचं काय? दुकानात पैसे मोजण्याआधी एवढं तपासा

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला मोफत अपडेट देणं बंद केलं. तेव्हापासून गावोगाव गोंधळ आहे. कुणी म्हणतं कॉम्प्युटर आपोआप बंद पडणार, कुणी म्हणतं काही फरक पडत नाही. तालुक्याच्या दुकानात गेलं की "नवीनच घ्या" असं सांगतात किंवा "विंडोज ११ मारून देतो" म्हणतात. सेवा केंद्र चालवणारी पोरं, दूध डेअरीचा हिशेब ठेवणारे, बचत गटाच्या ताई आणि पोरांच्या शिक्षणासाठी जुना लॅपटॉप घेणारे आईबाप, या सगळ्यांच्या खिशाचा हा प्रश्न आहे. म्हणून सोप्या भाषेत समजून घेऊ.

बंद झाली म्हणजे नेमकं काय?

विंडोज ही कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम. मोबाईलला जसं अँड्रॉइड, तसं कॉम्प्युटरला विंडोज. विंडोज १० ही २९ जुलै २०१५ ला आली. ती बंद झाली म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला असं नाही. मशीन सुरू होईल, टायपिंग होईल, प्रिंट निघेल. बंद झाली ती दुरुस्ती.

शेततळ्याच्या बांधाला उंदीर बिळं पाडत असतात आणि आपण ती बुजवत असतो. तसंच सॉफ्टवेअरमध्ये नवीन नवीन भोकं सापडत असतात आणि कंपनी अपडेट पाठवून ती बुजवते. आता विंडोज १० ची भोकं सापडत राहतील, पण बुजवायला कुणी येणार नाही.

त्याने काय होतं ते मे २०१७ मध्ये जगाने बघितलं. वॉनाक्राय नावाचा व्हायरस विंडोजच्या एका भोकातून शिरला आणि फाईली कुलूपबंद करून सोडवण्यासाठी पैसे मागायला लागला. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांचं काम ठप्प झालं. त्या भोकावरचं अपडेट कंपनीने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिलेलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं किंवा ज्यांच्या जुन्या विंडोजला अपडेटच मिळत नव्हतं, ते सापडले. आपल्याकडे कॉम्प्युटरवर लोकांचे आधार, सातबारा, बँक पासबुक यांच्या प्रती पडलेल्या असतात. त्यामुळे आपल्याला काय करायचंय असं म्हणून चालणार नाही.

आपल्याकडे कोणती विंडोज आहे?

कीबोर्डवर विंडोजच्या चिन्हाचं बटण दाबून धरा आणि आर दाबा. छोटी चौकट उघडेल. त्यात डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही इंग्रजी अक्षरं सलग टाइप करून एंटर मारा. विंडोज १० की ११, तिची आवृत्ती कोणती आणि ती होम आहे की प्रो, हे सगळं समोर येतं. विंडोज ७ दिसली तर तिचे अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबलेत, ८.१ चे १० जानेवारी २०२३ ला. अशा मशीनवर बँकेचं काम करूच नका.

होम, प्रो आणि सिंगल लँग्वेज

दुकानदार विचारतो, "होम टाकू का प्रो?" दोन्ही दिसायला सारख्याच. व्हायरसपासून बचाव करणारं डिफेंडर दोन्हीत फुकट असतं आणि सुरक्षेचे अपडेट दोन्हीला मिळतात. फरक ऑफिसच्या कामात आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आपल्या मशीनमध्ये येऊन काम करायची रिमोट डेस्कटॉपची सोय, बरेच कॉम्प्युटर एका सर्व्हरला जोडून एकाच ठिकाणाहून नियम लावणं, डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर पूर्णपणे हाताळणं, हे सगळं प्रोमध्ये मिळतं. घरी, दुकानात किंवा एका कॉम्प्युटरच्या सेवा केंद्रात होम पुरते. पुढे गरज पडलीच तर पैसे भरून होमची प्रो करता येते, विंडोज परत टाकावी लागत नाही.

बऱ्याच लॅपटॉपवर "होम सिंगल लँग्वेज" लिहिलेलं असतं. ते वाचून मराठी टाइप होणार नाही असं काहींना वाटतं. तसं नाही. एक भाषा म्हणजे मेनू आणि बटणांची भाषा. मराठी कीबोर्ड त्यातही जोडता येतो. २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्डही आहे, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप केला की मराठी शब्द उमटतो.

विंडोज ११ आपल्या मशीनवर चालेल का?

मूळ विंडोज १० ओरिजिनल असेल आणि मशीन बसत असेल तर ११ फुकट मिळते. होमची होम, प्रोची प्रो. पण अटी आहेत: ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट, टीपीएम २.० आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर.

टीपीएम म्हणजे मशीनच्या आत बसवलेली छोटी तिजोरी. पासवर्ड आणि कुलपांच्या किल्ल्या ती सांभाळते. काही मशीनमध्ये ती असते पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. जाणकाराकडून चालू करून घेतली की काम होतं. म्हणून "तुमच्यात टीपीएम नाही" असं दुकानात सांगितलं तर आधी बायोस बघायला लावा.

खरी गोम प्रोसेसरची आहे. जुना लॅपटॉप विकणारा "आय फाईव्ह आहे" एवढंच सांगतो. आय फाईव्ह दहा वर्षांपूर्वीही होता आणि आजही आहे. पुढचा आकडा बघा. ७२०० असेल तर सातवी पिढी, ८२५० असेल तर आठवी. १०२१० म्हणजे दहावी, ११३५ म्हणजे अकरावी. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढे विंडोज ११ अधिकृतपणे चालते, त्याआधीचे मोजकेच अपवाद आहेत. एएमडीमध्ये साधारण रायझन २००० पासून पुढे चालते.

काही जण अटी चुकवून जुन्या मशीनवरही ११ टाकून देतात. ती चालताना दिसते. पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. ज्या अपडेटसाठी हा खटाटोप केला, तेच मिळालं नाही तर काय उपयोग?

मशीन बसत नसेल तर दोन वाटा

पहिली वाट, मुदतवाढ. घरगुती विंडोज १० साठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे जादा अपडेट ठेवलेत. त्यासाठी विंडोज १० ची आवृत्ती २२एच२ पाहिजे आणि मायक्रोसॉफ्टचं खातं पाहिजे. सेटिंगमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय येतो. त्या खात्यावर मशीनच्या सेटिंगचा बॅकअप चालू केला तर पैसे लागत नाहीत. नाहीतर ३० डॉलरच्या हिशेबाने एकदाच भरायचे. एका खात्यावर १० मशीनपर्यंत नोंदवता येतात. यात फक्त सुरक्षेची दुरुस्ती मिळते, नवीन सोयी नाहीत. पण ठरवायला आणि पैसे जमवायला वेळ मिळतो.

दुसरी वाट, लिनक्स. ही फुकट असते. लिनक्स मिंट २ जीबी रॅमवरही चालते, ४ जीबी असेल तर बरं. ब्राउझर आणि टायपिंग-हिशेबाचं सॉफ्टवेअर सोबतच येतं. आपल्या सी-डॅकनेही बॉस नावाची लिनक्स तयार केली आहे, त्यात भारतीय भाषांची सोय आहे. मिंट आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघता येते, आवडली तरच टाकायची. पोरांचा अभ्यास, व्हिडिओ, अर्ज लिहिणं यासाठी ती चांगली. मात्र टॅलीसारखी विंडोजसाठी बनवलेली सॉफ्टवेअर त्यावर थेट चालत नाहीत. अंगठ्याचं मशीन किंवा डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर ते लिनक्सवर चालतं का हे आधी विचारून घ्या.

दुकानात या दोन गोष्टी विसरू नका

एक, खातं तुमच्याच नावाचं पाहिजे. विंडोज ११ टाकताना मायक्रोसॉफ्टचं खातं मागते. घाईत दुकानदार स्वतःचा ईमेल टाकून मोकळा होतो. आता डिस्कला कुलूप लागलेलं असतं आणि त्याची ४८ आकडी किल्ली त्याच्या खात्यात जाऊन बसते. उद्या मदरबोर्ड बदलला आणि मशीनने किल्ली मागितली, तर सगळ्या फाईली अडकल्या. तुमचा ईमेल, तुमचा मोबाईल नंबर, पासवर्ड वहीत लिहिलेला, असंच करा.

दोन, क्रॅक टाकू देऊ नका. चोरीची विंडोज चालू करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी बहुतेक वेळा आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात. राखणीचा कुत्रा बांधून ठेवून अनोळखी माणसाला वाड्यात घेतल्यासारखं ते आहे.

आणि कुठलीही विंडोज टाकण्याआधी फोटो आणि कागदपत्रं पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून ठेवा. बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो. जुना लॅपटॉप घेतानाही विंडोज कोणती आणि प्रोसेसरचा आकडा काय, हे स्वतःच्या डोळ्याने बघा, मगच पैसे मोजा.